हादरा आपला, नकाशा परका

२१ मार्च २०२४ च्या सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्याची जमीन हलली. नॅशनल सेंटर फॉर सिस्मॉलॉजी या केंद्र सरकारच्या संस्थेने तीव्रता ४.५ नोंदवली. पुढच्या अकरा मिनिटांत दुसरा धक्का बसला, तो ३.६ चा. कळमनुरी, वसमत, औंढा आणि पलीकडे नांदेड-परभणीपर्यंत माणसं घराबाहेर आली. त्यानंतर प्रशासनाने एक साधं आवाहन केलं. ज्यांच्या घरांवर पत्रे आहेत आणि ते वाऱ्याने उडू नयेत म्हणून ज्यांनी त्यावर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत.

त्या वर्षात मराठीत भूशास्त्रावर जे काही बोललं-लिहिलं गेलं, त्यात हे आवाहन मला सर्वांत नेमकं वाटतं. पृथ्वीच्या गाभ्याचा त्यात उल्लेख नाही, पण धक्का, दगडाचं वजन, घराची बांधणी आणि खाली झोपलेल्या माणसाचं डोकं यांचा संबंध एका वाक्यात आला आहे. आता हे वाक्य शाळेत कुठे भेटतं ते पाहा. आठवीच्या भूगोलात ‘पृथ्वीचे अंतरंग’ हा पाठ आहे, नववीत ‘अंतर्गत हालचाली’. दोन्ही पाठ वाईट नाहीत. आकृत्या स्वच्छ आहेत, क्यूआर कोड आहेत, आणि शिक्षकाने मनावर घेतलं तर पडद्यावर प्लेटा सरकतात, ज्वालामुखी फुटतो, जपानमधल्या इमारती डोलतात. वर्गातली मुलं गुंग होतात. त्यांतल्या एखाद्याच्या घराच्या पत्र्यावर दगड असतो, आणि त्याचा या सगळ्याशी संबंध जोडण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

भूशास्त्र शिकवायला डिजिटल साधनं वापरावीत की नाही, हा वाद आता संपल्यासारखाच आहे. वापरावीत. ज्या विषयात काळ कोटी वर्षांत मोजायचा आणि खोली डोळ्यांनी दिसत नाही, त्या विषयाला या साधनांची गरज इतर कुठल्याही विषयापेक्षा जास्त आहे. माझं म्हणणं पुढचं आहे. पडद्याला बोट लावल्यावर काहीतरी हलतं, एवढ्याने साधन शिकवू लागत नाही. मुलाच्या पायाखालच्या जमिनीची नोंद त्या साधनात शिरली पाहिजे, मुलाने आधी अंदाज बांधला पाहिजे आणि तो अंदाज चुकण्याची खरी शक्यता पाहिजे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हे सहज करता येण्याजोगं आहे. तरीही आपण उलट्या टोकाने सुरुवात करतो, आधी जपान आणि मग जमलं तर आपली कयाधू नदी.

उलट्या टोकाने गेल्याने काय बिघडतं? नेहमीचा प्रयोग घ्या. जगभरचे भूकंप नकाशावर ठिपक्यांनी दाखवणारी साधनं इंटरनेटवर फुकट आहेत. अमेरिकेतल्या आयरिस या संस्थेचं (ती आता अर्थस्कोप या संस्थेत विलीन झाली आहे) त्यांतलं जुनं आणि चांगलं. शिक्षक ते उघडतात. पॅसिफिकच्या कडेने ठिपक्यांचं कडं उमटतं, हिमालयाची कमान उमटते. मुलं ओरडतात, ‘भूकंप प्लेटांच्या कडांना होतात!’ पुस्तकातलंच उत्तर आलं म्हणून शिक्षक खूश. आणि मराठवाडा? त्या नकाशावर जवळजवळ कोरा. मुलाने जे स्वतःच्या अंगावर अनुभवलं, त्याची जागा साधनात रिकामी आहे. हुशार मूल यातून दोनच निष्कर्ष काढू शकतं. एकतर आपल्याकडे झाला तो भूकंप नव्हताच, किंवा शाळेतलं विज्ञान आपल्या गावाला लागू नाही. दुसरा निष्कर्ष जास्त घातक आहे, आणि तोच जास्त वेळा काढला जातो.

वास्तविक दख्खनचा भूकंप हा जगाच्या भूकंपशास्त्रातला एक महत्त्वाचा धडा आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. गणेश विसर्जनाची रात्र संपत आली होती. किल्लारीचा भूकंप सुमारे ६.२ तीव्रतेचा; जगात दर वर्षी या आकाराचे कितीतरी भूकंप होतात आणि बातमीही होत नाही. इथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचं ओझं, त्याखाली माणसं झोपलेली. जवळची प्लेटची कड म्हणजे हिमालय, तो हजारएक किलोमीटर लांब. दख्खनचं पठार म्हणजे अढळ, या समजुतीला कोयनेच्या भूकंपाने ११ डिसेंबर १९६७ रोजीच तडा दिला होता, पण कोयनेचं खापर धरणाच्या पाण्यावर फोडता आलं. किल्लारीच्या बाबतीत तेरणेवरच्या प्रकल्पाची चर्चा झाली, मात्र कोयनेसारखा पुरावा उभा राहिला नाही. पुढे शास्त्रज्ञांनी किल्लारीत ६१७ मीटर खोल विंधन घेतलं. ३३८ मीटरपर्यंत आपला ओळखीचा काळा बेसॉल्ट, मग जेमतेम आठ मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली अब्जावधी वर्षांपूर्वीचा जुना पाया. आपण ज्याला जमीन म्हणतो तो वरचा पदर आहे. हलतं ते खालचं.

म्हणून मी तो ठिपक्यांचा नकाशा वर्गाबाहेर काढा म्हणणार नाही. त्यातल्या कोऱ्या जागेपासून सुरुवात करा, एवढंच. नकाशा मराठवाड्यावर आणायचा, तीव्रतेची अट खाली ओढायची, वर्षांची मर्यादा वाढवायची आणि जे मोजके ठिपके उरतात ते एकेक करून वाचायचे. मग प्रश्न आपोआप येतात, आणि ते पुस्तकातल्या प्रश्नांपेक्षा अवघड असतात. मार्चच्या दोन्ही धक्क्यांची खोली दहा किलोमीटर नोंदली गेली. १० जुलै २०२४ च्या सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा धक्का बसला, त्याचीही खोली दहा. तिन्हींची बरोबर दहाच कशी? जमीन मोजून-मापून हलते की काय?

याचं उत्तर शिक्षकाला ठाऊक असेल तर तो तास वर्षभर लक्षात राहील. भूकंपाची खोली अचूक काढायला केंद्राच्या अगदी जवळ नोंदयंत्रं लागतात. ती नसतील तर गणित अडतं, आणि शास्त्रज्ञ एक ठरावीक खोली धरून पुढे जातात. उथळ भूकंपासाठी ती बहुधा दहा किलोमीटर. अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण हे उघडपणे सांगतं. म्हणजे पडद्यावरचा तो दहाचा आकडा बऱ्याचदा मोजलेला नसतो, मानलेला असतो. अक्षांश-रेखांशाचंही तसंच. दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेला आकडा किलोमीटरभराच्या अचूकतेचा भास निर्माण करतो, प्रत्यक्षातली चूक त्याच्या काही पट असू शकते. वर्तमानपत्रं मात्र त्या बिंदूवर जे गाव सापडेल त्याला केंद्रबिंदू जाहीर करतात आणि त्या गावाची झोप उडते. आकड्यापुढे मान न तुकवता त्याची चौकशी करायची सवय चौदाव्या वर्षी लावता आली, तर भूगोलाच्या तासाने यापेक्षा मोठं काही करायला नको. तीव्रतेचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट वाढते. तेवढ्या गणिताने किल्लारीची ऊर्जा हिंगोलीच्या धक्क्यापेक्षा साधारण साडेतीनशे पट होती हे नववीतलं मूल स्वतः काढू शकतं. त्यानंतर ४.५ ला किती घाबरायचं ते त्याला कोणी सांगावं लागत नाही.

धक्क्यांपेक्षाही या जिल्ह्यात जास्त बोललं जातं ते आवाजांबद्दल. वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे आणि आसपासची गावं गेली काही वर्षं जमिनीतून येणाऱ्या आवाजांमुळे बातम्यांत आहेत. भांडी वाजतात, खिडक्या थरथरतात, लोक अंगणात येतात. बातमीत तो आवाज ‘गूढ’ होतो, आणि गूढ म्हटलं की चौकशी थांबते. खरं तर उथळ, लहान भूकंपाची पहिली लहर जमिनीतून हवेत शिरली की तिच्यातली वेगवान कंपनं कानाला ऐकू येऊ शकतात. कठीण खडकात ती कंपनं फारशी विरत नाहीत, म्हणून अशा प्रदेशात आवाज जास्त ऐकू येतात. पण प्रत्येक आवाज भूकंपाचाच असेल असंही नाही. खडीच्या खाणीतला सुरुंगही असाच वाजतो.

मग दोन्ही वेगळे कसे ओळखायचे? भूकंपशास्त्रज्ञ यासाठी एक अगदी सोपी युक्ती वापरतात, आणि ती सातवीच्या वर्गालाही जमेल. आवाज कधी आला त्याची तारीख आणि वेळ लिहायची. आपण कुठे होतो, भांडी वाजली का, शेजारच्या वाडीवर ऐकू आला का, हेही लिहायचं. काही महिन्यांच्या नोंदी संगणकावरच्या तक्त्यात भरायच्या आणि दिवसाच्या चोवीस तासांत त्या कशा विखुरल्या आहेत याचा आलेख काढायचा. सगळे आवाज कामाच्या वेळातच गोळा झाले असतील, तर खाणीकडे बोट दाखवायला हरकत नाही. रात्री-अपरात्री सारखेच पसरले असतील, तर जमिनीला सुट्टी नसते एवढं कळलं. (रात्री शांतता असते, म्हणून रात्रीचे आवाज जास्त नोंदले जातात ही त्यातली मेख. ती मुलांनीच शोधावी.) यात महागडं काहीही नाही. शाळेतला एखादा संगणक आणि वही पुरते. तरीही माझ्या मते थ्रीडी चष्म्यातून ज्वालामुखी पाहण्यापेक्षा हे कितीतरी जास्त जिवंत डिजिटल शिक्षण आहे, कारण या आलेखाचं उत्तर कोणत्याही गाइडमध्ये छापलेलं नाही.

यापुढची पायरी उपकरणाची. मोबाइलमध्ये कंपन टिपणारा संवेदक असतोच. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने केलेलं फायफॉक्स हे फुकट ॲप तो संवेदक उघडा करून दाखवतं. टेबलावर फोन ठेवा, उडी मारा, रेष उडते. पण पांगरा शिंद्याचा बारीक हादरा फोनला बहुधा कळणार नाही. फोनचा स्वतःचाच गोंगाट त्याहून मोठा असतो. हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे. उपकरणाला काय दिसत नाही हे कळल्याशिवाय त्याला काय दिसतं याला अर्थ नाही. त्याहून संवेदनशील आणि तरीही शाळेला झेपेल असं यंत्र हवं असेल, तर नेपाळकडे पाहावं. २०१५ च्या गोरखा भूकंपात सुमारे नऊ हजार माणसं गेल्यानंतर शिव सुबेदी हे नेपाळी भूकंपशास्त्रज्ञ आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी नेपाळमधल्या वीसेक शाळांत रास्पबेरी शेक नावाची छोटी भूकंपमापक यंत्रं बसवली. शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, धडे तयार केले. यंत्रांनी स्थानिक भूकंप नीट टिपले, आणि शाळांत भूकंप हा भीतीचा विषय न राहता रोज बघण्याचा विषय झाला. एका मोठ्या इंटरॅक्टिव्ह पॅनेलपेक्षा अशा यंत्राला कमी खर्च येतो.

असं यंत्र वसमतच्या एखाद्या शाळेत बसलं तर ते पहिले काही आठवडे काय टिपेल? एसटी, उसाचे ट्रॅक्टर, मधल्या सुट्टीतली पळापळ, पाण्याची मोटर. मुलं कंटाळतील, मग रेषेवरून ट्रॅक्टर ओळखू लागतील. तिथपर्यंत पोचलेल्या मुलाला ‘आज रात्री दोन वाजता मोठा भूकंप, सर्वांनी बाहेर झोपा’ हा व्हॉट्सॲपवरचा निरोप पुढे पाठवताना निदान एकदा थांबावं लागेल. भूकंपाची वेळ सांगणारं यंत्र जगात कुठेच नाही, हे त्याने ऐकलेलं असेल आणि स्वतःच्या शाळेतल्या यंत्राची मर्यादा त्याने डोळ्यांनी पाहिलेली असेल.

आपल्याकडे डिजिटल शाळांची लाट आली तेव्हा हा विचार झाला नाही, याचा दोष शिक्षकांना देणं अन्यायाचं होईल. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला, गावोगाव लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब आले. शाळेसाठी गाव खिशात हात घालतं ही लहान गोष्ट नव्हती. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणून पुढे २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळवला. दीक्षा ॲप २०१७ मध्ये आलं. पण या सगळ्यातून वर्गात मुख्यतः काय पोचलं? व्हिडिओ. व्हिडिओ म्हणजे न थकणारा गुरुजी. तो कधी चुकत नाही आणि मुलाचं कधी ऐकत नाही. दुसरीकडे ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. साधन हातात आहे, हा मुद्दा आता उरलाच नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो वजनदार आहे. जमीनच शिकवायची तर पडद्याची भानगड हवी कशाला? मुलांना विहिरीवर न्या. खरंच न्या. मराठवाड्यात खोदलेली विहीर हे भूशास्त्राचं सर्वांत चांगलं उघडं पुस्तक आहे. काठावरून आत डोकावलं की वरची काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. कुठे मधेच विटकरी-तांबड्या रंगाचा पट्टा दिसतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. दोन थरांमध्ये बराच काळ गेला तिथे वरची जमीन कुजली, लाल झाली, आणि पुढच्या लाव्ह्याने तिला झाकलं. थराच्या वरच्या भागात वायूचे फुगे अडकून छिद्रं राहतात, खालचा भाग घट्ट. पाणी भेगांत आणि भुसभुशीत भागात साठतं, घट्ट पाषाणात नाही. म्हणून एकाच शिवारात एकाच्या विहिरीला चैत्रातही पाणी आणि बांधाशेजारच्याची कोरडी. ज्याच्या हळदीला पाणी कमी पडलं त्याने आडवं बोअर मारलं, तरी इंचभर पाणी लागेलच याची खात्री नाही. औंढा नागनाथच्या देवळाच्या दगडावर हात ठेवला, तर तोही त्याच लाव्ह्याचा.

हे सगळं पडद्याशिवाय शिकवता येतं. पण तेवढ्यावर थांबलं तर ती एका विहिरीची माहिती होते, जमिनीचं ज्ञान होत नाही. तांबडा पट्टा शेजारच्या विहिरीत किती खोलीवर आहे? पलीकडच्या गावात? तो एकच थर आहे की दोन वेगळे? शिवारातल्या वीस-पंचवीस विहिरींत तो किती फुटांवर दिसतो हे मुलांनी दोरी सोडून मोजलं आणि गूगल अर्थवर प्रत्येक विहिरीची खूण करून त्यात ते आकडे भरले, की कागदावर न दिसणारी गोष्ट दिसू लागते. विहिरीच्या काठाच्या उंचीतून खोली वजा केली की थराची खरी पातळी मिळते, आणि अनेक विहिरींची पातळी जुळली तर मुलांनी आपल्या गावाखालचा लाव्ह्याचा थर नकाशावर आणला. भूशास्त्रज्ञ याहून वेगळं काही करत नाहीत. अर्थात फोनचा जीपीएस उंची सांगताना दहा-वीस मीटर सहज चुकतो, त्यामुळे उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरच्या समोच्च रेषांवरून घ्यावी लागेल. समोच्च रेषा म्हणजे काय हे परीक्षेपुरतं पाठ करणाऱ्या मुलाला त्या रेषेची पहिल्यांदा गरज पडेल.

पाण्याची पातळीही तशीच. महिन्यातून एकदा मोजून तक्त्यात लिहायची. मंडळनिहाय रोजचा पाऊस कृषी विभागाच्या महारेन या संकेतस्थळावर मिळतो, तो शेजारच्या रकान्यात भरायचा. एका पावसाळ्यानंतर आलेख बोलू लागतो. पाऊस पडल्यावर पाणी किती दिवसांनी चढतं, कोणत्या विहिरीत चढतच नाही, दिवाळीनंतर मोटरी सुरू झाल्या की रेष कशी कोसळते. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने २०२२ मध्ये जलदूत ॲप आणलं. त्यात गावातल्या निवडक विहिरींची पातळी वर्षातून दोनदा नोंदवायची असते. शाळेच्या नोंदीत बारा बिंदू येतील, सरकारच्या नोंदीत दोन. पाणाड्याचा प्रश्नही इथेच तपासावा, त्याची टिंगल न करता. त्याने जागा दाखवलेली बोअरं किती आणि न दाखवलेली किती, कोणाला किती पाणी लागलं, हे गावातच उपलब्ध आहे. मुलांनी ते मोजलं तर निकाल काहीही लागो, घरात वाद होईल, तो व्हावा.

दहावीच्या पुस्तकाबद्दल एक तक्रार मी बऱ्याचदा ऐकतो, की त्यात भारताची तुलना ब्राझीलशी का? कळमनुरीच्या मुलाला ब्राझीलची उच्चभूमी कशाला? मला ही तक्रार पटत नाही, उलट या साधनांसाठी ती आयती संधी वाटते. दक्षिण ब्राझीलमध्ये पाराना खोऱ्यात सुमारे १३.४ कोटी वर्षांपूर्वी असाच लाव्हा पसरला. तिथली तांबडी सुपीक माती आणि तिच्यावरचे कॉफीचे मळे त्याच बेसॉल्टच्या कुजण्यातून आले, जशी आपली काळी माती आणि तिच्यातला कापूस. गूगल अर्थवर हिंगोलीहून उडी मारून पारानात उतरलं की एकच दगड दोन हवामानांत दोन रंगांची माती कशी देतो हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याला एका ओळीत उत्तर नाही. त्याच बैठकीत पृथ्वीचा जुना नकाशा दाखवणाऱ्या गोलावर ६.६ कोटी वर्षं मागे जावं. आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात दिसतो. हे पुस्तकातल्या आकृतीतही असतं, पण तिथे बाण असतो. इथे आपलं गाव समुद्रात सापडतं.

मग हे होत का नाही? वीज, नेट, वेळ ही कारणं खरी आहेत, पण दुय्यम. खरं कारण विषयांच्या वाटणीत आहे. शाळेत भूशास्त्र विज्ञानात नसून भूगोलात आहे, आणि भूगोल सामाजिक शास्त्रांत. दहावीला भूगोलाची लेखी परीक्षा ४० गुणांची. प्रयोगशाळा नाही, प्रयोगवही नाही. भूगोल शिकवणारी व्यक्ती अनेकदा इतिहासाची किंवा मराठीची पदवीधर असते आणि तिला कोणी कधी दगड हातात देऊन शिकवलेलं नसतं. अकरावीच्या विज्ञान शाखेत भूशास्त्र हा विषय कागदावर आहे, पण तो शिकवणारं कनिष्ठ महाविद्यालय शोधावं लागतं. या रचनेत कितीही चांगलं साधन टाकलं तरी ते ‘दाखवण्याचं’ साधन होऊन बसतं, कारण त्याच्याकडून मोजमापाची अपेक्षाच नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालाने तंत्रज्ञानावर भर देताना ते कोणाच्या अटींवर येतं असा प्रश्न शीर्षकातच विचारला आहे. आपल्याकडे त्याचं उत्तर सोपं आहे. ते निविदेच्या अटींवर येतं, इंचांत आणि गिगाबाइटमध्ये. पाठाच्या अटींवर आलं असतं, तर मोजण्याची दोरी आधी मागवली असती.

भाषेचा अडसरही यात मोठा आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातल्या बऱ्याच सिम्युलेशन्स मराठीत आहेत, ते स्वयंसेवकांचं काम आहे. पण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूकोश हे नकाशांचं संकेतस्थळ, भूकंपाच्या अधिकृत नोंदी, धरणांच्या साठ्याची आकडेवारी, हे सगळं मुख्यतः इंग्रजीतल्या रकान्यांत आहे. धरणं तर आसपासच आहेत: पूर्णेवरची सिद्धेश्वर आणि येलदरी, पैनगंगेवरचं इसापूर. एवढ्या पाण्याचा धक्क्यांशी संबंध आहे का, हा प्रश्न कट्ट्यावर दर वेळी निघतो आणि तो अजिबात बावळट नाही, कोयनेनंतर तर नाहीच. साठ्याचे आकडे आणि धक्क्यांच्या तारखा एका आलेखात मांडून मुलांनी तो तपासावा. इतक्या थोड्या धक्क्यांवरून हो किंवा नाही म्हणता येत नाही, हेच बहुधा हाती लागेल. ‘सांगता येत नाही’ हे उत्तर लिहिल्यावर गुण मिळतील अशी प्रश्नपत्रिका मात्र मी अजून पाहिलेली नाही.

आणि याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा उभी राहते आहे. २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता, २०२३ च्या एप्रिलमध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी, ११ मे २०२३ रोजी पायाभरणी. एकमेकींना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनच्या व्यासाच्याही कैक पट लहान हालचाल टिपण्याचा हिशोब. असं यंत्र जमिनीच्या सगळ्याच हालचालींनी बेजार होतं. रस्त्यावरचा ट्रक, वारा, शेकडो किलोमीटर दूरच्या समुद्राच्या लाटा, सगळं त्याच्या कामात व्यत्यय आणतं. म्हणून अशा प्रयोगशाळेत जमिनीची कंपनं अहोरात्र मोजावी लागतात. भौतिकशास्त्रज्ञाला जो गोंगाट वजा करायचा आहे, नेमकं तेच पांगरा शिंद्याच्या मुलाला ऐकायचं आहे. अमेरिकेतल्या लिव्हिंगस्टन वेधशाळेशेजारी शाळकरी मुलांसाठी विज्ञान शिक्षण केंद्र आहे, आणि ग्रॅव्हिटी स्पाय या प्रकल्पात जगभरचे सामान्य लोक लायगोच्या नोंदींतला गोंगाट ओळखून त्याचे प्रकार पाडून देतात.

औंढ्याने यापेक्षा थोडी जास्त मागणी करायला हरकत नाही. प्रयोगशाळेच्या आवारातल्या भूकंपमापकांची रोजची नोंद जिल्ह्यातल्या शाळांना मराठी रकान्यांत मिळावी. ती स्वच्छ करून, सुशोभित करून देऊ नये. ट्रॅक्टर आणि मोटरीसकट, जशी आली तशी द्यावी. सोबत पाचही तालुक्यांत एकेका शाळेत स्वतःचं यंत्र, आणि ते हाताळायला शिकलेला एक शिक्षक, ज्याची बदली झाली तर प्रशिक्षण पुढच्याला देण्याची सोय. प्रयोगशाळा धरून सहा ठिकाणच्या यंत्रांमुळे धक्क्याची खोली धरून चालण्याऐवजी मोजण्याच्या दिशेने निदान एक पाऊल पडेल, आणि जिल्ह्याला शाळांच्या नोंदींचा खरा उपयोग होईल. याला प्रयोगशाळा पूर्ण होण्याची वाट पाहण्याचं कारण नाही, कारण जागेची कंपनं बांधकामाच्या आधीपासून मोजावी लागतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीने तसा ठराव करून पत्र पाठवणं, एवढीच पहिली हालचाल बाकी आहे.